मुलीचे हृदय नॉर्मल ठरविल्याबाबत हरकत

"नॉर्मल. पुढची."

एवढे दोनच शब्द. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी ते मान वर न करता उच्चारले. माझी मुलगी दीपाली टेबलावरून उतरली, बूट घातले आणि बाहेर केळी वाटत होते तिकडं गेली. तिचं काही बिघडलं नाही. अपमान झाला तो माझा.

आष्ट्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी हेड क्लार्क आहे. नोकरीत मी असंख्य गोष्टी नॉर्मल ठरवून पुढं ढकलल्या आहेत, त्यामुळे या शब्दाचं वजन मला माहीत आहे. नॉर्मल म्हणजे फाईल बंद. नॉर्मल म्हणजे आता कुणी परत विचारणार नाही.

शिबिर हृदयतपासणीचं होतं, तेही फक्त खेळाडू मुलामुलींसाठी. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एक मुलगा कबड्डी खेळता खेळता कोसळला आणि उठलाच नाही. मागाहून कळलं की त्याच्या हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, कधी कुणी बघितलं नव्हतं. म्हणून कऱ्हाडच्या काही डॉक्टरांनी शाळा-कॉलेजांतून फिरून तपासायचं ठरवलं. छातीवर चिकटपट्ट्या, हातापायांना चिमटे, कागदावर रेघा. विभागीय स्पर्धेला जायचं तर या तपासणीचा शिक्का हवा. हेतू उत्तम होता. परिपत्रकाच्या प्रती मीच काढल्या होत्या.

रांगेत दीपालीच्या मागं कोळेकरांची सोनिया होती.

सोनिया आमच्या शेजारची. वय तेच, वर्ग तोच, शर्यतही तीच, आठशे मीटर. फरक इतकाच की सोनिया पहिली येते आणि दीपाली दुसरी. दरवेळी. दीपालीचा धावतानाचा एकही फोटो माझ्याकडं असा नाही, ज्यात पुढं सोनियाची वेणी नाही.

सोनियाचे वडील तानाजी कोळेकर फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे जतकडचे. घराणं मेंढपाळाचं. माणूस फुशारकी मारत नाही, दुसऱ्याच्या अडीअडचणीला धावतो, रस्त्यात भेटला की आधी तोच नमस्कार करतो. म्हणजे त्याच्याबद्दल वाईट मत करून घ्यायला तो काही जागाच ठेवत नाही. हा एक प्रकारचा छळच आहे.

तर सोनिया टेबलावर झोपली. यंत्र चालवणाऱ्यानं कागद बघितला, पुन्हा बघितला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी आतल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. माझ्या मुलीला मान वर करून न बघणारी माणसं आता कोंडाळं करून उभी होती.

"नाडी सेहेचाळीस," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

कागदाच्या डोक्यावर यंत्रानं इंग्रजीत छापलं होतं, अ‍ॅबनॉर्मल. मला काळजी वाटली. शेजारची पोर आहे. पण मोठे डॉक्टर हसले. "यंत्राला कळत नाही हो. हे खेळाडूचं हृदय. सरावानं जरा मोठं झालंय, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून निवांत चालतं. काळजीचं काही नाही. पण इतकं नमुनेदार फारसं बघायला मिळत नाही." आणि शिकवायला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी तानाजीची परवानगी घेऊन त्या कागदाचा फोटो काढला.

[चंदनबालाची हरकत : "काळजी वाटली" हे खोडा. मी समोरच उभी होते. तुमचा चेहरा बघितलाय मी.]

चंदनबाला माझी पत्नी. हे सगळं ती खांद्यावरून वाचते आहे. तिला मध्ये बोलू दिलं नाही तर स्वयंपाकाला उशीर होतो, आणि आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. उशीर परवडत नाही.

कॉलनीचा अभिप्राय

बातमी कॉलनीभर झाली. पसरवली मीच. मी ती तक्रार म्हणून सांगत होतो आणि लोक ती कौतुक म्हणून ऐकत होते.

तानाजीची आई बनाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "काळीज मोठं हाय म्हणं आमच्या पोरीचं," ती म्हणाली. "आसणारच की. सात पिढ्या मेंढरामागं चाललोय आमी. जतपासनं पार कोकणापतुर. बसल्या मानसाचं वाढतंय ते प्वाट."

तिनं माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाकडं बघितलं.

हा मुद्दा माझ्या जिव्हारी लागला, कारण आमच्या सात पिढ्या सांगलीच्या हळदीच्या अडतीत गादीवर बसलेल्या. चालत असायचे ते हमाल. म्हणजे दीपालीच्या हृदयात मुळातच लोड आणि तक्के. आता ते वाढवायचं तर बाहेरूनच काहीतरी करायला हवं होतं.

समोरच्या चंद्राबाई म्हणाल्या, "बीट खाऊ घाला."

"बीट जमिनीखालचं. आमच्याकडं चालत नाही."

"मग डाळिंब द्या. रंग त्योच."

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले हरिबा माने यांनी बैलाचा दाखला दिला. चढाच्या रस्त्याला जुंपलेल्या बैलाचं काळीज आणि सपाटीच्या बैलाचं काळीज यात फरक पडतो म्हणाले. त्यांनी स्वतः पाहिलं होतं का असं विचारल्यावर म्हणाले, "बैल कशाला दावंल?"

शेळीचं दूध चांगलं, असंही निघालं. ते आणायचं बनाबाईकडूनच. घसा दुखतोय असं सांगून मी तांब्याभर आणलं. दीपालीनं वास घेतला आणि तांब्या मांजरापुढं ठेवला. ते मांजर हल्ली आमच्या कुंपणावरून एका उडीत जातं. म्हणजे दुधात काहीतरी आहे.

"पप्पा," दीपाली म्हणाली, "नॉर्मल म्हणजे चांगलं असतं."

"सोनियाला डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. मग मी काय आजारी पडू का आता?"

तोवर मी अर्ज लिहायला बसलो होतो.

अर्ज

प्रति, मा. संयोजक, खेळाडू हृदयतपासणी शिबिर, यांसी.

विषय : कु. दीपाली मदन चौगुले हिचे हृदय नॉर्मल ठरविल्याबाबत हरकत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, सदर विद्यार्थिनी ही कु. सोनिया तानाजी कोळेकर हिच्यासमवेत, त्याच मैदानावर, त्याच क्रीडाशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, तितकेच अंतर धावते. उभयतांत शर्यतीअखेर पडणारा फरक केवळ काही हातांचा असतो. असे असता एकीचे हृदय नमुनेदार व दुसरीचे नॉर्मल, हे नैसर्गिक न्यायास धरून नाही. तरी फेरतपासणी होऊन योग्य तो शेरा मिळावा. सोबत : आधार कार्डाची छायांकित प्रत, क्रीडा प्रमाणपत्रे (सर्व द्वितीय).

उत्तर आलं ते फोनवरून.

"सर, मुलीला काही त्रास होतोय का?"

"मुलीला नाही. मला."

"मग तुम्ही तपासून घ्या ना."

"माझी हरकत तिच्या शेऱ्याला आहे."

"सर, नॉर्मल असल्याची तक्रार घ्यायला आमच्याकडं रकानाच नाही."

मी फोन ठेवला. जन्मभर मी लोकांना याच वाक्यानं परत पाठवलं आहे. त्यावर तोड नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत.

त्याच आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. सोनियाचा, पळतानाचा. मागं पत्त्यातल्या बदामासारखं लाल हृदय. "खेळाडूचे हृदय लाभलेली आष्ट्याची वाघीण." खाली मंडळाच्या पोरांचे फोटो, गॉगल लावून, प्रत्येकजण मोबाईलवर बोलत असलेला.

तानाजी स्वतः घरी आला. "आवं अण्णा, मी न्हाई लावलं ते. पोरांनी लावलं. काढा म्हनलं तर आयकंनात. लय वशाळल्यागत झालंय बगा मला."

ओशाळला असेलही. पण सकाळी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तोच फ्लेक्स होता. मी त्याचा नंबर ब्लॉक केला. कसा करायचा ते दीपालीनं दाखवलं. कुणाला करायचाय ते मी तिला सांगितलं नाही.

कऱ्हाड

"येते," दीपाली म्हणाली, "पण परत हा विषय काढायचा नाही."

आम्ही एसटीनं कऱ्हाडला गेलो. एका खाजगी तपासणी केंद्रात ईसीजी काढला. कागद यंत्रातून बाहेर येत होता आणि मी परीक्षेच्या निकालासारखा वरची ओळ शोधत होतो. आणि ती छापलेली होती. इंग्रजीत. ठळक.

अ‍ॅबनॉर्मल.

जो शब्द सोनियाच्या कागदावर होता, तोच. अक्षरं तीच, टाईपही तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोड आणि तक्के हरले होते.

यंत्रावरच्या मुलानं कागद जवळ धरून बघितला. त्याच्या कपाळावर आठी आली. ती मी कौतुकाची धरली.

"सर, आज डॉक्टर नाहीत. उद्या ते बघून सही करतील. उद्या नक्की या."

"एक फोटो काढून घेतो."

"घ्या, पण उद्या नक्की या."

मी हो म्हणालो. हो म्हणणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. दीपालीला बाहेर बाकावर बसवून मी कंदी पेढे घेतले.

त्यानंतर कऱ्हाडहून अनोळखी नंबरवरून दोनतीनदा फोन आले. हेड क्लार्क अनोळखी नंबर उचलत नाही. उचलला की कुणाचा तरी दाखला अडकलेला असतो.

[चंदनबालाची हरकत : मी तेव्हाच म्हटलं होतं, कागद आधी डॉक्टरला दाखवा. तेही लिहा.]

ती म्हणाली होती. तपासणीचा कागद डॉक्टरला दाखवायचा असतो हे जगाला माहीत आहे. मी तो बाळासो फ्लेक्सवाल्याला दाखवला.

"अण्णा, कोळेकरांच्या फ्लेक्सला आपल्या लग्नपत्रिकेतलं बदाम टाकलंय," बाळासो म्हणाला. "तुमाला त्येच जरा मोठं करू का?"

"नाही. आमचं अस्सल आहे." मी मोबाईल पुढं केला.

बाळासोनं त्या रेघा पडद्यावर मोठ्या केल्या. तो आपल्या कामात वाकबगार आहे, लग्नाळू पोरांच्या नाकावरचे फोड तो एका बोटानं घालवतो. "हितं बगा. परत्येक सुळक्याच्या पायथ्याला जरा उतार आलाय. कागद सरकल्यागत दिसतंय. मोठ्या साईजला बरं दिसायचं न्हाई. सरळ करू का?"

"एक रेघही हलवायची नाही. आहे तसं छाप."

हे मी शास्त्रावरच्या श्रद्धेपोटी म्हणालो नाही. उद्या तानाजीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले तर आपलं बनावट निघू नये, एवढीच इच्छा होती.

फ्लेक्स झाला. डावीकडं दीपाली, उजवीकडं मी, आणि दोघांच्या मधून आडवा, बैलगाडीएवढा लांब, तिचा ईसीजी. "यंत्राने प्रमाणित केलेले खेळाडूचे हृदय." शुभेच्छुक एकटा मीच, मोबाईल नंबरसह. सोनियाच्या फ्लेक्सच्या बरोबर समोर, आणि वीतभर उंच.

दीपालीनं तो बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मैदानावर मात्र ती जायची.

फोन

फ्लेक्स लागल्यापासून मी सगळे अनोळखी नंबर उचलायला लागलो होतो.

"मदन चौगुले का? फ्लेक्सवर नंबर दिसला म्हणून फोन केला."

"हो, हो. धन्यवाद."

"मी डॉक्टर उपाध्ये. अतिशय उपाध्ये. सांगलीला असतो. हृदयाचा डॉक्टर."

"अरे वा. फारच धन्यवाद."

"मी तुमच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलोय. समोर तुमचा फ्लेक्स आहे. हा ईसीजी कुणाचा?"

"आमच्या मुलीचा. अस्सल आहे."

"छापताना त्यात काही फेरफार केलाय?"

"तो सरळ करू का म्हणत होता. मी एक रेघ हलवू दिली नाही."

पलीकडून ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येत होतं.

"कुणा डॉक्टरनं बघितला होता का?"

"बघायचा होता. राहून गेलं. आता तुम्ही बघितलातच की. वेगळा आहे ना?"

"वेगळा आहे."

"कोळेकरांच्या सोनियापेक्षा?"

"मी सोनियाला ओळखत नाही. चौगुले, नीट ऐका. तुमच्या मुलीच्या हृदयात विजेची एक जादा वाट दिसतेय. जन्मापासूनची असते. पुष्कळांना तिचा काही त्रास होत नाही, आणि त्याच्यावर चांगला इलाज आहे, तेव्हा घाबरू नका. पण जोरात पळताना कधीकधी ठोके त्या वाटेनं भलतेच सुटतात. क्वचित होतं. झालं तर जिवावर बेततं. पूर्ण तपासणी होईपर्यंत तिला पळू द्यायचं नाही. आत्ता कुठं आहे ती?"

खिडकीतून शिट्टी ऐकू आली. आमच्या कॉलेजसमोर, रस्त्यापलीकडं, शाळेचं मैदान आहे. विभागीय निवडीची आठशे मीटर त्या दिवशी होती.

पळापळ

इंद्रजित सरांना, म्हणजे क्रीडाशिक्षकांना फोन लावला तर तो त्यांच्या टेबलाच्या खणात माझ्या शेजारच्याच खोलीत वाजला, आणि मैदानावर हजर असलेला, फोन हातात धरून उभा असणारा, एका हाकेत धावून जाणारा माणूस एकच होता आणि त्याला मी ब्लॉक केला होता आणि ब्लॉक काढल्याशिवाय फोन लागत नाही अशी माझी समजूत होती आणि तो काढायचा कसा ते मला येत नव्हतं कारण मी तेवढं अर्धंच शिकलो होतो, म्हणून मी उठलो, खुर्ची पडली, प्राचार्य म्हणाले चौगुले ती पटसंख्या, मी म्हणालो हो, आणि जिना, आणि फाटक, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकीला एक लागून उभ्या, दोन ट्रॉल्यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याखालून मी वाकून गेलो तर शर्ट उसाच्या पाल्यात अडकला आणि तिथंच राहिला, म्हणजे बाही राहिली, एक ट्रॅक्टरवाला म्हणाला आवं सायेब जीव जड झालाय व्हय, आणि मी सात पिढ्यांत पहिल्यांदा पळणारा चौगुले, छातीत नगारा, चपलेचा अंगठा तुटलेला, मैदानाच्या कडेला पोचलो तेव्हा मुली दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर आल्या होत्या.

आणि मी बघितलं.

वेणी पुढं नव्हती.

पुढं दीपाली होती. मोकळी, एकटी, समोर फक्त फक्कीची पांढरी रेघ. सोनिया मागं होती. मी वर्षानुवर्षं ज्या फोटोची वाट बघत होतो तो समोरून पळत येत होता, आणि उरलं होतं फक्त सरळ अंतर, एखादी विटी उडवावी एवढं.

एक श्वासभर मी तसाच उभा राहिलो.

[चंदनबालाची हरकत : दोन. तानाजीभाऊजींनी सांगितलंय.]

मग मी हात पसरून मधे शिरलो. दीपाली माझ्यावर आदळली. आम्ही दोघं फक्कीत पडलो. सगळ्या मुली बाजूनं पळत गेल्या. सोनिया गेली नाही. ती चार पावलं पुढं जाऊन थांबली आणि वळली, आणि बागणी गावची कुणीतरी मुलगी, जिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, पहिली आली.

"पप्पा," दीपाली ओरडली, "मी पुढं होते."

सोनिया तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "दीपे, परत सुरू झालं का गं? आत पळतंय का?"

"नाही," दीपाली म्हणाली. "आज नाही."

"काय पळतंय?" मी विचारलं.

दोघींचे चेहरे सारखे. जे एकमेकींना माहीत आहे आणि मोठ्यांना नाही, त्याचा एक चेहरा असतो.

हळूहळू निघालं. वर्षभरात तीनचार वेळा असं झालं होतं. शर्यत संपायची, दीपाली थांबायची, पण छातीत कुणीतरी पळतच राहायचं. मग एकदम, दिवा घालवावा तसं, थांबायचं. सोनिया तेव्हा तिचा हात धरून बसायची. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर पळू दिलं नसतंत. आणि तुम्ही विचारलंत कधी? घरी आले की तुम्ही विचारता, किती हात मागं राहिलीस."

त्या घटकेला मला सोनियाच्या हृदयाचा हेवा वाटला नाही. तिच्या कानांचा वाटला.

तानाजी धावत आला होता. त्याच्या मुलीची निवड माझ्यामुळे गेली होती. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यानं मधे एक शब्द विचारला नाही. "गाडी काढतो," एवढंच म्हणाला. "सोने, तिची पिशवी घे."

सांगली

डॉक्टर अतिशय उपाध्ये यांनी दीपालीला तपासून घेतलं आणि त्याच टेबलावर मलाही बसवलं, कारण माझा श्वास अजून बसला नव्हता. माझी नाडी बघून म्हणाले, "हे मात्र बसलेल्या माणसाचं हृदय आहे." बनाबाई त्यांना कुठं भेटली होती कोण जाणे.

मी विचारलं, शिबिरात हे दिसलं कसं नाही. बोलताना माझ्या आवाजात जरा आशा होती, कुणाला तरी दोष देता येईल अशी. ते म्हणाले, "ही वाट कधी दिसते, कधी लपते. त्या दिवशीचा कागद मी मागवून बघितला. त्यात ती खरंच नव्हती. त्यांनी नॉर्मल लिहिलं ते बरोबरच होतं. म्हणून तर त्रास विचारायचा असतो, आणि मुलींनी सांगायचा असतो." मग दीपालीकडं बघून म्हणाले, "आणि आईबापांनी ऐकायच्या लायकीचं राहायचं असतं." हे वाक्य कुणासाठी होतं ते स्पष्ट नव्हतं, म्हणून मी ते तानाजीकडं सरकवलं. तानाजीनं ते माझ्याकडं परत सरकवलं.

इलाज असा होता : मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची, जादा वाट शोधायची आणि उष्णतेनं ती तेवढी बुजवायची. छाती उघडायची नाही. पुढच्या आठवड्यात तो केला तेव्हा चंदनबाला बाहेरच्या बाकावर णमोकार मंत्र म्हणत बसली. मी फेऱ्या मारत होतो. तानाजीनं मला हाताला धरून खाली बसवलं. "अण्णा, वॉचमनला शंका यायला लागलीया."

"तुमच्या सोनियाची निवड गेली," मी म्हणालो.

"जाऊ द्या की."

"माझ्यामुळं गेली."

"म्हनलं न्हवं, जाऊ द्या." तो बुटांकडं बघत म्हणाला. ते जाऊ देणं त्याला जड जात होतं. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

तिकडं आष्ट्यात निराळंच चाललं होतं. फ्लेक्सवरून आजार कळतो ही बातमी फुटली आणि लोक जुने ईसीजी, एक्स-रे, एकजण तर साखरेचा रिपोर्ट घेऊन बाळासोच्या दुकानी जाऊ लागले. बाळासोनं दारावर पाटी लावली : "आधी डाक्टर. मग फ्लेक्स." बनाबाईनं माझ्यासाठी निरोप धाडला की शेळीचं दूध घशाला नसतं, आणि मांजराला तर नसतंच.

डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. "वाट बुजली. थोडा वेळ थांबून परत परत तपासलं, आता दिसत नाही. चांगलं झालंय."

चंदनबाला रडली. मी रडलो की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी

दीपाली पलंगावर उशीला टेकून बसलेली. पायथ्याशी सोनिया, मांडी घालून, जणू तिचाच पलंग. तानाजी भिंतीशी उभा. खोलीत एकच खुर्ची आणि तिच्यावर मी, कारण मी रुग्णाचा बाप.

डॉक्टर येऊन गेले होते. महिनाभर विश्रांती, मग परत तपासणी, आणि सगळं ठीक दिसलं तर मैदान. पूर्ण ताकदीनं, असं ते मुद्दाम म्हणाले.

"काका," दीपाली म्हणाली. ती मला नव्हे, तानाजीला विचारत होती. "त्या दिवशी मी पुढं होते ना?"

तानाजी खाकरला. "व्हतीस की."

"किती?"

"आसशील हातभर."

"आबा, हातभर?" सोनिया म्हणाली. "चांगली चार हात पुढं व्हती."

"वळणावर तसं वाटतंय गं. आतल्या पट्टीला आसलं की मानूस पुढं दिसतंय."

"आतल्या पट्टीला मी व्हते."

"मग वारं आसंल."

"वारं दोघींना व्हतं."

तानाजी खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "महिनाभरानं बगू की. आपुन बी जरा सराव वाडवू. सकाळचा चढ घेऊ."

"आम्हीपण घेऊ," दीपाली म्हणाली. "ना पप्पा?"

मी मान डोलावली, पण माझं लक्ष तानाजीकडं होतं. तो हसत होता. तोंडानं. कानाच्या पाळ्या मात्र तांबड्या झाल्या होत्या, आणि हात खिशात घातलेला होता तो आत मुठीत वळलेला होता. ते काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते मी वर्षानुवर्षं रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत आलो आहे.

मी उठलो आणि खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बसा, तानाजीराव," मी म्हणालो. "उभ्यानं याचा फार त्रास होतो."